आर्डुइनो नॅनो : पहिल्या अपलोडपासून स्वतंत्र वीजपुरवठ्यापर्यंत

आर्डुइनो नॅनो, म्हणजे संगणकावरून प्रोग्राम चढवून दिवे, सेन्सर आणि मोटर चालवता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, हाती आला की बहुतेक जण तो ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडण्या करण्याच्या छिद्रांच्या पाटीवर) बसवतात, सेन्सर, रिले (विजेच्या आज्ञेने चालणारा स्विच) आणि डिस्प्ले एकदम जोडतात, कुठून तरी उतरवलेला प्रोग्राम चढवू पाहतात आणि काहीच हलले नाही की बोर्ड खराब निघाला असे ठरवून मोकळे होतात. बोर्ड खराब निघतोही, पण क्वचित. बहुतेक वेळा केबल, ड्रायव्हर (संगणकाला बोर्डाशी बोलू देणारा प्रोग्राम), बूटलोडर (नवा प्रोग्राम स्वीकारणारा बोर्डातला छोटा प्रोग्राम), सोल्डर (पिना जोडणारा वितळवलेला धातू), वायर किंवा वीजपुरवठा यांपैकी एका ठिकाणी चूक असते आणि सगळे एकाच वेळी जोडल्यामुळे ती नेमकी कुठे आहे हे शोधायला मार्ग उरत नाही. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि एका टप्प्याची तपासणी यशस्वी झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

हा लेख एटमेगा ३२८पी ही चिप असलेल्या, ५ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या घडणीच्या नॅनोविषयी आहे. नॅनो एव्हरी, नॅनो ३३ किंवा नॅनो ईएसपी३२ हे बोर्ड दिसायला तेवढेच असले तरी आतून वेगळे आहेत. त्यांतील नॅनो ३३ आणि नॅनो ईएसपी३२ हे ३.३ व्होल्टवर चालतात, त्यामुळे इथल्या जोडण्या त्यांना तशाच लावू नयेत.

## खरेदी करताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नॅनो मागितला की बहुधा मूळ कंपनीचा नव्हे, तर त्याच आराखड्यावर बनवलेला आणि यूएसबीसाठी सीएच३४० चिप वापरणारा बोर्ड मिळतो. शिकण्यासाठी तो पुरेसा आहे. मात्र पिना सोल्डर केलेला बोर्ड हवा की सुट्या पिनांचा, हे दुकानदाराला आधीच सांगावे. ज्याने सोल्डरिंग गन कधी हातात धरलेली नाही, त्याने पहिला बोर्ड सोल्डर केलेलाच घ्यावा आणि सोल्डरिंगचा सराव दुसऱ्या एखाद्या स्वस्त पट्टीवर करावा.

बोर्डाखेरीज ब्रेडबोर्ड, जंपर वायर, २२० ओहमचे चार-पाच रेझिस्टर, दोन-तीन एलईडी, चार पायांचे एक पुश बटण आणि १० किलोओहमचा एक पोटेन्शिओमीटर (दांडा फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लागतो. सर्वांत साधा का होईना, पण मल्टिमीटर हवाच. मल्टिमीटरचे पैसे वाचवून तेवढ्यात आणखी दोन सेन्सर घेण्याचा मोह अनेकांना होतो; तो टाळावा, कारण सेन्सर बिघडला आहे की त्याला वीजच पोहोचत नाही, हे मल्टिमीटरशिवाय कळत नाही.

केबलकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या नॅनोला मिनी-बी केबल लागते, म्हणजे जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना असायची ती. मोबाइलची मायक्रो यूएसबी त्यात बसत नाही आणि जोर लावला तर सॉकेटच उखडतो. हल्ली टाइप-सी सॉकेटचे बोर्डही मिळतात, पण त्यांतल्या काहींवर टाइप-सीसाठी आवश्यक असलेले दोन छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात. असा बोर्ड दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर मृतवत पडून राहतो आणि एका टोकाला नेहमीचा चपटा यूएसबी असलेल्या केबलवर व्यवस्थित चालतो. अशा बोर्डासाठी दुसऱ्या प्रकारची केबलच वापरावी.

## टप्पा १ : वीज न देता पाहणी

बोर्ड पिशवीतून बाहेर काढून कोरड्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर ठेवावा. चंदेरी पिशवी आणि काळा फोम या दोन्हींतून वीज वाहू शकते, त्यामुळे बोर्ड त्यांच्यावर ठेवून किंवा त्यात खोचलेला असताना कधीही चालू करू नये. स्टीलचे टेबल आणि लॅपटॉपची धातूची पाठ यांनाही हेच लागू आहे.

यूएसबी सॉकेट वरच्या बाजूला धरून दोन्ही कडांवरील अक्षरे वाचून घ्यावीत. प्रत्येक बाजूला १५ पिना असतात. डी म्हणजे डिजिटल पिन, ए म्हणजे अ‍ॅनालॉग. एका बाजूला सॉकेटजवळ डी-१३ असते, मग ३.३ व्होल्ट, संदर्भ व्होल्टेज, ए-० ते ए-७ आणि शेवटी ५ व्होल्ट, रिसेट, ग्राउंड (पुरवठ्याची निगेटिव्ह बाजू) आणि व्हीआयएन (बाहेरचा वीजपुरवठा जोडण्याची पिन). दुसऱ्या बाजूला सॉकेटजवळ डी-१२ पासून सुरुवात होऊन ओळ उतरत डी-२ पर्यंत येते, त्यानंतर ग्राउंड, रिसेट, आरएक्स (म्हणजेच डी-०) आणि टीएक्स (म्हणजेच डी-१). ग्राउंड आणि व्हीआयएन या पिना शेजारी शेजारी आहेत, हे विशेष लक्षात ठेवावे. वायर एक घर सरकली की पुरवठा उलटा जातो.

तपासणी : मल्टिमीटर बझरवर (दोन टोके जोडलेली असतील तर बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंड या दोन पिनांना टोके लावावीत. सलग बीप वाजता कामा नये. दोन्ही बाजूंच्या ग्राउंड पिना मात्र एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे तिथे बीप यायलाच हवी. पिना सोल्डर केलेल्या नसतील तर हीच तपासणी छिद्रांच्या कडांवर करावी आणि सोल्डरिंगनंतर पुन्हा करावी.

## टप्पा २ : पिना सोल्डर करणे

ज्यांचा बोर्ड सोल्डर केलेला आहे, त्यांनी थेट तिसऱ्या टप्प्यावर जावे.

पिनांच्या दोन्ही पट्ट्या लांब टोके खाली करून ब्रेडबोर्डमध्ये खोचाव्यात आणि त्यांच्यावर बोर्ड ठेवावा, म्हणजे पिना सरळ उभ्या राहतात. असे न करता हातात धरून सोल्डर केलेल्या पट्ट्या तिरक्या होतात आणि नंतर बोर्ड ब्रेडबोर्डमध्ये शिरत नाही. गनचे तापमान बदलता येत असेल तर ते सुमारे ३५० अंश सेल्सिअसवर ठेवावे. आधी फक्त चार कोपऱ्यांतल्या पिनांना डाग द्यावा, बोर्ड डोळ्यांच्या पातळीवर आणून तो समतल आहे याची खात्री करावी आणि मगच उरलेल्या पिना घ्याव्यात. चार डाग पुन्हा वितळवून बोर्ड सरळ करता येतो, तीस डागांनंतर ते जवळजवळ अशक्य होते.

गनचे टोक पिन आणि तिच्याभोवतीची तांब्याची कडी या दोघांना एकाच वेळी टेकवावे, सेकंदभर थांबावे आणि सोल्डरची तार टोकाला नव्हे तर त्या तापलेल्या सांध्याला लावावी. तार आधी, गन नंतर अशा क्रमाने बाजूला घ्यावी. सगळे मिळून दोन ते तीन सेकंदांचे काम आहे. चांगला डाग पायथ्याशी पसरट आणि पिनेकडे निमुळता होत जातो. पिनेवर थेंबासारखा गोळा बसला असेल तर सोल्डर कडीला धरलेले नाही असे समजावे आणि तो सांधा पुन्हा तापवावा. सहा पिनांची छोटी पट्टी सोबत मिळते, ती सध्या बाजूला ठेवावी. सुरुवातीच्या कामात तिची गरज पडत नाही.

इशारा : बाजारात मिळणाऱ्या साध्या सोल्डर तारेत शिसे असते. खिडकी उघडी ठेवून काम करावे आणि जेवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

तपासणी : प्रत्येक दोन शेजारच्या पिनांमध्ये बझर लावून पाहावा. कुठेही सलग बीप आली तर तिथे सोल्डरचा पूल झाला आहे. गन त्या दोन पिनांमधून हलकेच ओढून तो काढावा.

## टप्पा ३ : केबल आणि ड्रायव्हर

या टप्प्यावर बोर्डाला केबलखेरीज काहीही जोडलेले नसावे. केबल लावताच बोर्डावरील पॉवरचा दिवा लागतो आणि बरेचदा दुसरा एक दिवा लुकलुकू लागतो. पुष्कळ जण इथेच समाधान मानतात. पॉवरचा दिवा लागणे याचा अर्थ केबलमधून वीज येते, एवढाच. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये माहितीच्या दोन तारा नसतातच, तरीही दिवा तितकाच तेजस्वी लागतो.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून पोर्ट्स या शीर्षकाखाली पाहावे. तिथे सीएच३४० असे नाव आणि त्यापुढे कॉम३ किंवा कॉम५ यांसारखा क्रमांक दिसला पाहिजे. केबल काढली की ती ओळ नाहीशी व्हावी आणि लावली की परत यावी. ती येत-जात असेल तर तोच आपला पोर्ट. क्रमांक कागदावर टिपून ठेवावा.

ओळ दिसत नसेल तर दोन शक्यता असतात. पिवळ्या खुणेसह अनोळखी उपकरण दिसत असेल तर केबल ठीक आहे आणि ड्रायव्हर हवा आहे. तो चिप बनवणाऱ्या डब्ल्यूसीएच कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. केबल लावताना-काढताना यादीत काहीच हालत नसेल तर ड्रायव्हर शोधत बसू नये. आधी केबल बदलावी. जी केबल दुसऱ्या एखाद्या उपकरणातल्या फाइली संगणकावर उतरवते, तिच्याविषयी खात्री बाळगता येते.

लिनक्सवर ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, अडचण परवानगीची असते. आपले खाते डायलआउट या गटात घालावे आणि पूर्ण लॉग आउट करून परत यावे, नुसते टर्मिनल बंद करून भागत नाही. उबुंटू २२.०४ वर ब्रेल डिस्प्लेसाठीचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम सीएच३४०चा पोर्ट स्वतःकडे ओढून घेतो आणि पोर्ट क्षणभर दिसून गायब होतो. ब्रेल डिस्प्ले वापरात नसेल तर तो प्रोग्राम काढून टाकावा.

## टप्पा ४ : आयडीई आणि तीन निवडी

आर्डुइनो आयडीई, म्हणजे प्रोग्राम लिहून बोर्डात चढवण्याचे सॉफ्टवेअर, अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीला ६४ बिटचा विंडोज १० किंवा त्यानंतरचा विंडोज लागतो; घरातला जुना संगणक वापरायचा असेल तर १.८.१९ ही आवृत्ती घ्यावी. पहिल्यांदा उघडताना इंटरनेट चालू ठेवावे, कारण एव्हीआर, म्हणजे एटमेगासारख्या चिप असलेल्या, बोर्डांसाठी लागणारी साधने तो त्या वेळी उतरवून घेतो. ती उतरली नाहीत तर बोर्ड्स मॅनेजरमध्ये जाऊन आर्डुइनो एव्हीआर बोर्ड्स हे पॅकेज स्वतः बसवावे.

आता टूल्स मेन्यूत तीन गोष्टी निवडायच्या आहेत : बोर्ड, प्रोसेसर आणि पोर्ट. बोर्डासाठी आर्डुइनो नॅनो. पोर्टासाठी मघाशी कागदावर टिपलेला क्रमांक. सर्वाधिक वेळ खाणारी निवड मधली, म्हणजे प्रोसेसरची.

बोर्डाच्या चिपमध्ये बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम कारखान्यातच भरलेला असतो. संगणकाकडून आलेला प्रोग्राम स्वीकारून तो चिपमध्ये लिहिणे हे त्याचे काम. जानेवारी २०१८ पासून मूळ कंपनीच्या नॅनोमध्ये नवा बूटलोडर येतो आणि तो १,१५,२०० बॉड (माहिती पाठवण्याच्या वेगाचे एकक) या वेगाने बोलतो. जुना बूटलोडर ५७,६०० बॉडने बोलतो. बाजारात मिळणाऱ्या पर्यायी बोर्डांत आजही पुष्कळदा जुनाच असतो. आयडीई एका वेगाने विचारतो, बोर्ड दुसऱ्या वेगाने ऐकतो आणि कुणाला काहीच कळत नाही. त्यामुळे प्रोसेसरखाली एटमेगा ३२८पी आणि एटमेगा ३२८पी ओल्ड बूटलोडर असे दोन पर्याय दिसतात. बोर्डाकडे पाहून यांतला कोणता हे ओळखता येत नाही. आधी पहिला वापरून पाहावा, तो चालला नाही तर दुसरा.

इशारा : नॅनो चालत नाही म्हणून बोर्डाच्या यादीत ऊनो (आर्डुइनोचाच दुसरा बोर्ड) निवडण्याचा सल्ला अनेकदा ऐकायला मिळतो. नव्या बूटलोडरच्या नॅनोवर तसे अपलोड होतेही. पण मग ए-६ आणि ए-७ या पिनांची नावे आयडीई ओळखत नाही आणि पुढे कधीतरी भलत्याच ठिकाणी चूक शोधावी लागते.

## टप्पा ५ : पहिले अपलोड

फाइल मेन्यूतून एक्झाम्पल्स, त्यातून बेसिक्स आणि त्यातून ब्लिंक हे स्केच (आर्डुइनोच्या प्रोग्रामला स्केच म्हणतात) उघडावे. ते आहे तसे अपलोड करू नये. अनेक बोर्डांत कारखान्यातच ब्लिंक भरलेले असते, म्हणून केबल लावताच दिवा लुकलुकत होता. तेच स्केच पुन्हा चढवल्यावर दिवा पूर्वीसारखाच लुकलुकेल आणि अपलोड झाले की नाही हे कळणारच नाही.

लूप या भागात डिले शब्दापुढे कंसात १००० हा आकडा दोनदा आहे. ते मिलिसेकंद आहेत. पहिल्या ठिकाणी १०० आणि दुसऱ्या ठिकाणी ९०० करावे. त्यानंतर आधी बरोबरच्या खुणेचे व्हेरिफाय बटण दाबावे. खालच्या काळ्या चौकटीत स्केचने किती बाइट वापरले ते येते आणि कमाल मर्यादा ३०,७२० बाइट अशी दाखवली जाते. चिपमधल्या ३२ किलोबाइटपैकी २ किलोबाइट बूटलोडरसाठी राखलेले असल्यामुळे ही मर्यादा येते. इथपर्यंत बोर्डाचा संबंधच येत नाही. इथे चूक आली तर ती स्केचमध्ये किंवा आयडीईच्या बसवणुकीत आहे.

मग उजव्या बाणाचे अपलोड बटण दाबावे. बोर्डावरचे टीएक्स आणि आरएक्स हे दिवे काही क्षण भराभर चमकतात आणि आयडीई डन अपलोडिंग असे सांगतो.

तपासणी : दिवा आता क्षणभर चमकून जवळजवळ सेकंदभर विझलेला राहिला पाहिजे. तसे दिसले की संगणक, केबल, ड्रायव्हर, पोर्ट, बूटलोडर आणि चिप ही सर्व साखळी ठीक आहे. यापुढे काही बिघडले तर संशय नव्याने जोडलेल्या गोष्टीवर घ्यावा.

### अपलोड झाले नाही तर

सर्वांत नेहमीचा संदेश नॉट इन सिंक हे शब्द असलेला असतो आणि दहा प्रयत्नांची ओळ खाली उमटत जाते. या संदेशाचा अर्थ बोर्डाकडून अपेक्षित उत्तर आले नाही, इतकाच आहे. अशा वेळी पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

१. प्रोसेसरचा दुसरा पर्याय निवडून पुन्हा अपलोड करावे.

२. पोर्ट बरोबर आहे का, हे केबल काढून-लावून पाहावे. दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये केबल लावली की पोर्टचा क्रमांक बदलू शकतो.

३. पोर्ट व्यग्र आहे किंवा प्रवेश नाकारला, असा संदेश असेल तर आयडीईची दुसरी खिडकी किंवा सिरीयल पोर्ट वापरणारा दुसरा एखादा प्रोग्राम उघडा आहे. तो बंद करावा.

४. डी-० आणि डी-१ यांना काही जोडलेले असेल तर काढावे. या दोन पिना यूएसबी चिपशी बोलण्यासाठी वापरल्या जातात. ब्लूटूथ मॉड्यूल लावलेल्या बोर्डावर अपलोड न होण्याचे हे ठरलेले कारण आहे.

५. आयडीई अपलोडिंग असे दाखवू लागताच बोर्डावरचे रिसेट बटण दाबून सोडावे. ही युक्ती चालली तर स्वयंचलित रिसेटचे सर्किट नीट नाही असे समजावे. बोर्ड तरीही वापरता येतो.

हे सगळे करूनही यश आले नाही, तर दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवणारी एक खात्रीची चाचणी आहे आणि ती फारशी कुणी करत नाही. टीएक्स, आरएक्स, रिसेट आणि ग्राउंड या चारही पिना नॅनोवर ओळीने शेजारी आहेत. एका जंपरने टीएक्स आणि आरएक्स जोडाव्यात, दुसऱ्याने रिसेट आणि ग्राउंड. त्यामुळे मुख्य चिप गप्प राहते आणि यूएसबी चिपने पाठवलेले तिलाच परत मिळते. आता सिरीयल मॉनिटर (बोर्डाशी होणारी देवाणघेवाण दाखवणारी आयडीईची खिडकी) उघडून एखादा शब्द टाइप करून पाठवावा. तोच शब्द परत दिसला तर केबल, ड्रायव्हर आणि यूएसबी चिप निर्दोष आहेत. अडचण मुख्य चिपमध्ये किंवा बूटलोडरमध्ये आहे आणि दुकानदाराकडून बोर्ड बदलून घ्यावा. शब्द परत आला नाही तर तिसऱ्या टप्प्याकडे परतावे. चाचणी संपल्यावर दोन्ही जंपर काढायला विसरू नये.

## टप्पा ६ : सिरीयल मॉनिटर

बेसिक्समधलेच अ‍ॅनालॉग रीड सिरीयल हे स्केच अपलोड करावे आणि सिरीयल मॉनिटर उघडून उजवीकडचा वेग ९६०० बॉड ठेवावा. ए-० ला काहीही जोडलेले नसताना ० ते १०२३ यांमधले आकडे मनाला येईल तसे बदलताना दिसतील आणि पिनेजवळ बोट नेले की आणखी हलतील. हा बिघाड नाही. कशालाही न जोडलेली पिन हवेतले विद्युत संकेत उचलत असते. सेन्सर चुकीचे आकडे देतो अशा तक्रारींपैकी पुष्कळशा प्रत्यक्षात सुटलेल्या वायरीच्या असतात, आणि तेव्हा पडद्यावर असेच आकडे दिसतात; म्हणून त्यांची ओळख आताच करून घ्यावी.

पडद्यावर आकड्यांऐवजी चित्रविचित्र चिन्हे आली तर वेग जुळत नाही. मॉनिटर उघडला की बोर्ड रिसेट होऊन स्केच पहिल्यापासून सुरू होते, हेही ध्यानात असावे.

## टप्पा ७ : ब्रेडबोर्ड आणि पहिला एलईडी

केबल काढावी. यापुढे प्रत्येक वायर केबल काढूनच लावावी.

बोर्ड ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर आडवा बसवावा, म्हणजे दोन बाजूंच्या पिना खाचेच्या दोन बाजूंना येतील. नॅनोच्या रुंदीमुळे एका बाजूला प्रत्येक पिनेसाठी तीन आणि दुसऱ्या बाजूला दोनच छिद्रे मोकळी राहतात. ज्या बाजूला ५ व्होल्ट आणि ए-० ते ए-७ आहेत, त्या बाजूला तीन छिद्रे ठेवावीत, कारण जोडण्यांची गर्दी तिथेच होते. बोर्ड बसवताना दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा आणि काढताना चपट्या स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही टोके थोडी थोडी उचलावीत. एका टोकाने उपटल्यास पिना वाकतात.

कडेच्या लांब पट्ट्या वीजपुरवठ्यासाठी असतात. मोठ्या ब्रेडबोर्डवर या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असू शकतात. बाजूची लाल-निळी रेघ खंडित दिसली तर तीच खूण समजावी. शंका असेल तर दोन टोकांना बझर लावावा.

आता डी-१३ पासून २२० ओहमचा रेझिस्टर, त्याच्या दुसऱ्या टोकाला एलईडीचा लांब पाय आणि आखूड पाय ग्राउंडला, अशी जोडणी करावी. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर २२० ओहमसाठी लाल, लाल, तपकिरी आणि शेवटी सोनेरी असे रंग असतात. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर, म्हणून सर्किटमधून सुमारे १४ मिलिअँपिअर वीज वाहते. एका पिनेसाठी २० मिलिअँपिअर ही पाळण्याजोगी मर्यादा आहे आणि ४० ही चिपच्या सहनशक्तीची कमाल पातळी. रेझिस्टर न लावता एलईडी क्षणभर छान उजळतो, म्हणून तो वगळण्याची सवय लागते. त्यात एलईडीइतकेच पिनेचेही नुकसान होते.

डी-१३ निवडण्याला कारण आहे. बोर्डावरचा दिवाही याच पिनेवर असतो, त्यामुळे ब्लिंक पुन्हा अपलोड केले की आतला आणि बाहेरचा दिवा एकत्र चमकला पाहिजे. आतला चमकतो आणि बाहेरचा नाही, तर दोष नक्कीच जोडणीत आहे : एलईडी उलटा आहे, वायर शेजारच्या छिद्रात आहे किंवा रेझिस्टर चुकीचा आहे.

तपासणी : हे जमल्यावर तीच वायर डी-९ वर न्यावी आणि बेसिक्समधले फेड हे स्केच चढवावे. दिवा हळूहळू उजळत आणि मंद होत गेला पाहिजे. तो एकदम लागत आणि विझत असेल तर वायर आणि स्केचमधला पिन क्रमांक दोन्ही पाहावेत. मंद-तेज करण्याची सोय फक्त ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनांवर आहे.

## टप्पा ८ : बटण आणि पोटेन्शिओमीटर

चार पायांच्या बटणाचे पाय दोन-दोनच्या जोड्यांनी आतून कायम जोडलेले असतात. चुकीची जोडी घेतली तर बटण सतत दाबलेलेच भासते. कोणती जोडी कोणती हे आठवत बसण्यापेक्षा बटण खाचेवर बसवून कर्णाच्या टोकांचे दोन पाय घ्यावेत, म्हणजे चूक होतच नाही. एक पाय डी-२ ला, दुसरा ग्राउंडला. रेझिस्टर नको, कारण डिजिटल विभागातले डिजिटल इनपुट पुलअप हे स्केच चिपच्या आतला रेझिस्टर वापरते. इथे आकडे उलटे येतात : बटण मोकळे असताना १, दाबल्यावर ०. प्रोग्राम उलट चालतो असे वाटून अनेक जण वायरी बदलू लागतात, तसे करू नये.

पोटेन्शिओमीटरचा मधला पाय ए-० ला, कडेचे दोन पाय ५ व्होल्ट आणि ग्राउंडला जोडून सहाव्या टप्प्यातले स्केच पुन्हा चालवावे. मघाशी उड्या मारणारे आकडे आता दांडा फिरवाल तसे ० ते १०२३ सरकत जातात. मधला पाय चुकून ५ व्होल्टला आणि कडेचा ग्राउंडला लागला तर दांडा एका टोकाला नेताच शॉर्ट होतो, म्हणून केबल लावण्यापूर्वी ही जोडणी दुसऱ्यांदा पाहावी.

## टप्पा ९ : मोटर, रिले आणि स्वतंत्र वीजपुरवठा

पिन ही आज्ञा देण्यासाठी असते, भार चालवण्यासाठी नव्हे. मोटर, रिलेची कॉइल किंवा मोठा बझर थेट पिनेला जोडू नये. सुटी कॉइल किंवा मोटर ट्रान्झिस्टरमार्फत चालवावी आणि तिच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा, म्हणजे पांढऱ्या पट्टीचे टोक पॉझिटिव्हकडे करून बसवावा. कॉइल बंद होताना निर्माण होणारा उलटा झटका तो जिरवतो. तयार रिले मॉड्यूलवर हे सगळे बसवलेलेच असते.

इशारा : रिलेच्या दुसऱ्या बाजूला घरातली २३० व्होल्टची वीज जोडण्याचे काम ब्रेडबोर्डवर कधीही करू नये. शिकण्यासाठी त्या जागी १२ व्होल्टचा दिवा वापरावा.

छोटी सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी मोटर) बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनेवरून चालते आणि मग अचानक बोर्ड रिसेट होऊ लागतो. मोटर हलताना खेचलेल्या विजेने व्होल्टेज खाली येते, हे त्याचे कारण. सर्व्होला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा, पण दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड एकमेकांना जोडावे. ग्राउंड जोडले नाही तर आज्ञेचा संकेत मोजायला समान पातळीच राहत नाही आणि सर्व्हो थरथरत राहते.

३.३ व्होल्टच्या पिनेवर फार थोडी वीज मिळते. वाय-फाय मॉड्यूल तिच्यावर चालवू नये.

संगणकाशिवाय चालवायचे असल्यास व्हीआयएन पिनेला ७ ते १२ व्होल्ट देता येतात. मात्र जास्तीचे व्होल्ट रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन जातात : १२ व्होल्टवर १०० मिलिअँपिअर घेतले तर ७ व्होल्टचा फरक म्हणजे ०.७ वॅट उष्णता त्या एवढ्याशा तुकड्यात साठते आणि त्याला बोट लावणे कठीण होते. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी सेन्सर वाचण्यापुरती ठीक आहे, मोटरसाठी ती निरुपयोगी आहे. मोबाइलचा चांगला चार्जर आणि यूएसबी केबल हा सर्वांत सरळ मार्ग आहे. पॉवर बँक वापरताना मात्र बोर्ड फार कमी वीज घेतो म्हणून ती काही वेळाने आपोआप बंद पडू शकते.

## स्केच जपून ठेवणे

बोर्डात चढवलेले स्केच तुम्ही लिहिलेल्या स्वरूपात परत काढता येत नाही. म्हणून एक्झाम्पल्समधून उघडलेले स्केच बदलले की ते लगेच नव्या नावाने आपल्या फोल्डरमध्ये ठेवावे. त्याच्या अगदी वर, दोन तिरक्या रेघांनंतर, कोणती पिन कशाला जोडली आहे, टूल्समध्ये कोणता प्रोसेसर पर्याय चालला आणि वीज कुठून दिली, हे चार ओळींत लिहावे. बूटलोडर जुना निघाला असेल तर बोर्डाच्या खालच्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावून तसे लिहून ठेवावे, कारण पुढच्या खेपेला दुकानातून आणलेला दुसरा नॅनो दिसायला हुबेहूब असेल आणि त्याचा पर्याय वेगळा असू शकेल.